काळा कातळ आणि आत्याबाईंचे तळपाय

मोरीतून पाय धुऊन आत्याबाई पायपुसण्यावर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा रात्रीचे पावणेनऊ झाले होते. दिवसभराच्या प्रवासाने सगळे दमलेले, कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. धाकट्या नातवाने पाहिलं. "आजी, तुझ्या पायाला काय लागलंय?"

बघितलं तर दोन्ही तळपायांना, बोटांच्या मागच्या उंचवट्यावर, रुपयाएवढाले फोड. उजव्या पायाचा फुटून कातडी सुटली होती, त्याचीच ओली लालसर छाप पायपुसण्यावर उमटली होती. आत्याबाई वाकून दुसऱ्याच कुणाचा पाय बघावा तशा बघत होत्या. "मला तर काय बी दुखलं नाय," म्हणाल्या.

ते ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. महापालिकेच्या रुग्णालयात मी २६ वर्षं परिचारिका होते. साखरेच्या रुग्णांचे पाय किती बांधले त्याची गणती नाही. "दुखलं नाही" हेच त्यातल्या बहुतेकांचं पहिलं वाक्य असतं. आमच्याच घरात माझ्या मामांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता, तो चपलेत घुसलेल्या एका खिळ्यामुळे. तो खिळा त्यांना दोन दिवस कळलाच नव्हता. आणि इथे सबंध दिवस माझ्या डोळ्यांसमोर, मीच आखलेल्या सहलीत, चौदा वर्षं मधुमेह असलेली बाई तापलेल्या दगडावर अनवाणी उभी राहिली आणि मला सुचलं नाही. तेव्हा या महिन्याच्या आरोग्याच्या पानावर त्या सहलीचंच लिहिते.

झालं असं की, जयंतीची धामधूम संपली, मुलांच्या परीक्षा आटोपल्या. आत्याबाई चार वर्षांपासून म्हणत होत्या, डोळे धड आहेत तोवर आपल्या लोकांची लेणी एकदा दाखव. अजिंठा-वेरूळला मुंबईहून मुक्काम लागतो. कार्ले-भाजे मात्र एका दिवसात होतं. बचत गटाच्या बिशीचा नंबर लागला होता. सात माणसांची गाडी ठरवली आणि एप्रिलच्या शेवटच्या रविवारी निघालो. पहिली चूक इथेच झाली, महिन्याची. लेणी बघायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात तिथे हिरवंगार असतं खरं, पण पायऱ्यांना शेवाळ धरतं आणि शनिवार-रविवारी लोणावळ्याला गाडी पुढे सरकत नाही. चैत्रात आणि नवरात्रात कार्ल्याला शेजारच्या एकवीरेची यात्रा असते, तेव्हा पायरीवर पाय ठेवायला जागा नसते. यात्रा आम्ही चुकवली, ऊन काही चुकवलं नाही.

गाडी ठरवताना

आपल्या वस्तीत बहुतेकदा ओळखीतल्या कुणाची गाडी घेतात. शेजारच्याचा भाचा, साहेबांचा ड्रायव्हर, असं काहीतरी. पैसे कमी पडतात हे खरं. पण पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीने भाडं घेऊन माणसं न्यायला परवानगी नाही. अपघात झाला तर विमा कंपनी तेच कारण पुढे करून हात वर करू शकते. भाड्याची गाडी पिवळ्या पाटीची, काळ्या अक्षरांची असते. त्या गाडीचं परमिट आणि विमा चालू आहे का, हे विचारायला लाजू नका.

दुसरं, माणसं मोजा. सहा अधिक ड्रायव्हर, अशी ती गाडी असते. आमच्याकडे आदल्या रात्रीपर्यंत नऊ जण झाले होते. "पोरं मांडीवर बसतील" हे आपलं नेहमीचं. मी ठाम नाही म्हटलं आणि दोन दिवस घरात अबोला सोसला. धडक बसली की मांडीवरचं मूल आपल्या हातात राहत नाही, कितीही घट्ट धरलं तरी. मागच्या सीटवरचा पट्टाही लावायचाच असतो. आमच्या गाडीत तो सीटच्या फटीत दडपलेला होता, दहा मिनिटं खटपट करून बाहेर काढला.

आणि ड्रायव्हरची झोप. आमचा ड्रायव्हर शनिवारी रात्री दोनपर्यंत टॅक्सी चालवून पहाटे पाचला थेट आमच्याकडे येणार होता. त्याचीही मजबुरी होती, हप्ता फेडायचा होता. शेवटी त्याला शनिवार रात्रीचे थोडे पैसे वर देऊन घरी झोपायला लावलं. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा. द्रुतगती मार्गावर गाडी एका सुरात धावते, डोळा तिथेच लागतो. परतताना घाट उतरायचा असतो. तेव्हा ड्रायव्हर गाडी न्यूट्रल करत असेल तर तिथेच टोका. उतारावर खालच्या गिअरमध्येच यायचं, नाहीतर ब्रेक तापून धरेनासे होतात.

(गाडी परवडत नसेल तर लोकलही आहे. लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल धरायची आणि पुढच्याच मळवली स्टेशनवर उतरायचं. भाज्याचं लेणं तिथून चालत जाण्यासारखं आहे. धडधाकट माणसांनी तसंच जावं. आमच्यासोबत म्हातारं माणूस होतं, म्हणून गाडी.)

घाटात

पनवेल सोडलं आणि उजेड झाला. खोपोलीच्या पुढे समोर सह्याद्री भिंतीसारखा उभा राहिला. नातवाला शाळेत शिकवलं होतं की हा डोंगर ज्वालामुखीचा आहे. तो सारखा विचारत होता, "मग ज्वालामुखी कुठाय?"

त्याला जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण पुढच्या गोष्टीशी त्याचा संबंध आहे. आपल्याकडे शंकूसारखा, तोंडातून धूर काढणारा डोंगर नव्हता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीलाच लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर पडून पसरत गेला. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा. असे थरावर थर चढून आजचा महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि शेजारच्या राज्यांचे तुकडे, मिळून सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन या काळ्या दगडाखाली झाकली गेली. सह्याद्रीच्या बाजूला हा थर सगळ्यांत जाड आहे. कोट्यवधी वर्षांच्या पावसाने तो कापला आणि कड्यांना पायऱ्या पडल्या. याला इंग्रजीत 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' हा स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आला आहे. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे नीट बघा. काळ्या थरांच्या मधे कुठे कुठे विटेसारखा लाल पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड होऊन पुढचा येईपर्यंत मधे जो काळ गेला, त्यात वरच्या दगडाची माती झाली, ती पुढच्या लाव्ह्याखाली भाजली. अंधेरीच्या आसपास राहणाऱ्या वाचकांना एवढं लांब जायचीही गरज नाही. तिथली गिल्बर्ट हिल ही त्याच लाव्ह्याची, सुमारे २०० फूट उंच उभ्या खांबांची टेकडी आहे. आजूबाजूला वस्ती दाटली आहे, रोज येता-जाता ती आपल्याला दिसते, पण आपण मान वर करून बघत नाही.

याच घाटातून १८६३ मध्ये रेल्वे गेली. तो कातळ फोडताना हजारो मजूर पटकीने, तापाने आणि अपघाताने मेले. गाडी बोगद्यात शिरली तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "हे कुणी खणलं असंल?" म्हटलं, आपल्यासारख्यांनीच.

तेवढ्यात मागच्या सीटवर सुनेला मळमळू लागलं. गाडी लागते त्याचं कारण असं की, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव मेंदूला सांगतो, आपण वळतोय, हलतोय. डोळे मात्र मोबाईलमध्ये असले की ते सांगतात, आपण स्थिर आहोत. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि उलटी होते. म्हणून ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा, मोबाईल बंद, नजर लांब डोंगरावर, काच थोडी खाली. उपाशी पोटी निघू नका आणि वडापाव-मिसळ चापूनही निघू नका. पोळीचा तुकडा, केळं, एवढं पुरे. गोळी घ्यायची तर निघण्याच्या तासभर आधी घ्यायला हवी, उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बाहेरच पडते. या गोळीने गुंगी येते. ड्रायव्हरला ती अजिबात नाही. लहान मूल, गरोदर बाई, काचबिंदूचा किंवा लघवी अडकण्याचा त्रास असलेला माणूस यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

आता बायकांचं एक बोलते. प्रवासाला निघायचं म्हटलं की आपण पाणी पीत नाही. जागोजागी जाता येत नाही, म्हणून. ब्लडप्रेशरच्या बायका तर लघवी होण्याची गोळीच त्या दिवशी टाळतात. सुनेने त्या दिवशी सकाळपासून दोन घोट पाणी प्यायलेलं होतं. उन्हात असं केलं की चक्कर येते, लघवीला जळजळ सुरू होते, आणि मुतखडा असेल तर रात्री पोट धरून लोळायची वेळ येते. द्रुतगती मार्गावर खालापूरला आणि पुढेही थांबे आहेत, स्वच्छतागृहं आहेत. तिथे गाडी थांबवायला सांगा, कुणाच्या कपाळाला आठ्या पडल्या तरी. गोळी बंद करण्याऐवजी तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

भाजे

सकाळी साडेआठला भाज्याच्या पायथ्याशी पोचलो. हे लेणं पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सगळ्या अंगणात सावली होती. दगड थंड होता. आत्याबाईंनी चपला काढल्या, चैत्याच्या कमानीखाली उभ्या राहिल्या, काही झालं नाही. त्यानेच मी गाफील झाले.

भाज्याचा चैत्य सुमारे २२०० वर्षांपूर्वीचा. खांब आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी घराचे वासे भार पेलायला असे तिरपे लावत, दगडात कोरतानाही कारागिरांनी तीच पद्धत ठेवली. जरा पुढे गेलं की १४ स्तूपांचा समूह आहे, काही आत, काही उघड्यावर. त्यांतल्या काहींवर थेरांची नावं कोरलेली आहेत. आत्याबाईंना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी एका नावावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आमच्यासोबत शेजारच्या ताईंची पुतणी होती, भंडाऱ्याहून कॉलेजसाठी आलेली. तिला सिकलसेल आहे, नुसती वाहक नव्हे, आजारच. विदर्भातल्या आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात हा आजार बराच आहे. तो लपवण्याची रीतही तितकीच आहे, मुलीचं लग्न मोडेल म्हणून. निघताना तिच्या काकूने मला बाजूला घेऊन सांगितलं, "तिला आहे, पण कुणाला बोलू नका." मी गाडीत कुणाला सांगितलं नाही. पण पोरीला म्हटलं, तुझं कार्ड आणि गोळ्या तुझ्या बॅगेत वरच ठेव, आणि दर अर्ध्या तासाला माझ्यासमोर पाणी प्यायचं. (ती आता हा लेख वाचून मगच छापायला देऊ देणार आहे, असं ठरलंय.)

सिकलसेलच्या माणसाने डोंगरावर जाऊ नये, असं नाही. लोणावळ्याची उंची साधारण ६०० मीटर, तेवढ्या उंचीने काही होत नाही. त्रास होतो तो पाणी कमी पडल्याने, दमछाक झाल्याने आणि अंग एकदम गार पडल्याने. अशा वेळी तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फुटल्यासारखी दुखतात. म्हणून पावसाळ्यात भाज्याच्या धबधब्याखाली सगळे भिजतात तसं या मुलांनी भिजू नये. पायऱ्या थांबत थांबत चढाव्यात. रोजची फोलिक ॲसिडची गोळी, हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर तीही, सहलीच्या दिवशी चुकवायची नाही. ताप आला, छातीत दुखलं, धाप लागली किंवा दुखणं गोळीने थांबेना, तर घरी पोचेपर्यंत वाट बघायची नाही, जवळच्या रुग्णालयात जायचं. रुग्णवाहिकेचा नंबर १०८. शासनाने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी होते आणि कार्ड मिळतं. ते कार्ड पाकिटात ठेवण्यात कसली लाज? पोरगी आमच्या सगळ्यांच्या आधी वर पोचली होती. थांबत थांबतच.

कार्ले

इथे चूक झाली. भाज्याहून खाली उतरलो, डबे खाल्ले, थोडं बसलो आणि एक वाजता कार्ल्याच्या पायऱ्या चढायला लागलो. साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, वर ऊन. ज्यांचा गुडघा दुखतो त्यांनी लक्षात ठेवावं, चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो. काठी घ्या, तिरपे उतरा. चढताना छातीवर दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, थंड घाम सुटला तर "पित्त असेल" म्हणून वर जाऊ नका. तिथेच बसायचं आणि मदत मागायची.

साखरेच्या माणसाने जेवणाची वेळ ढळू देऊ नये. गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि जेवण दोन तास लांबलं, वर चढणही झाली, की साखर उतरते. हात थरथरतात, घाम येतो, माणूस चिडचिड करतो, असंबद्ध बोलतो. खिशात साखर, गूळ किंवा ग्लुकोज हवं. इन्सुलिन बंद गाडीत ठेवू नका, उन्हात गाडीची भट्टी होते. बर्फालाही चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच असतं. हे सगळं मी नीट केलं होतं. आत्याबाईंचं जेवण वेळेवर, गोळी वेळेवर. पायांचं तेवढं राहिलं.

कार्ल्याचा चैत्य पाहिला नसेल तर जरूर पाहा. भारतातल्या कोरीव चैत्यांत सगळ्यांत मोठा, आत सुमारे १२४ फूट लांब. छताला सागवानी कमानी आहेत, त्या २००० वर्षांपूर्वीच्या, आणि स्तूपावरचं छत्रही लाकडाचंच टिकलं आहे. तिथल्या लेखांवरून कळतं की हे एका राजाचं काम नव्हे. वैजयंतीचा भूतपाल नावाचा श्रेष्ठी होता, धेनुकाकट गावचे लोक होते, त्यांत यवन होते, आणि दाराचं काम करणाऱ्या सुताराचंही नाव आहे. सुताराचं नाव दगडावर, हे आमच्या ड्रायव्हरला फार आवडलं. त्याचे वडील सुतारकाम करायचे.

हे लेणंही पश्चिमेला तोंड करून आहे. म्हणजे दुपारी दोन वाजता समोरच्या अंगणात सरळ ऊन. काळा दगड ऊन पितो आणि धरून ठेवतो. हवा ३७-३८ अंश असली तरी हा दगड त्याहून कितीतरी जास्त तापतो. आम्ही सगळे चपला घालूनच अंगण ओलांडून आत सावलीत पळालो. आत्याबाईंनी मात्र बाहेरच, सिंहस्तंभाजवळ, चपला काढल्या. हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हटलं, सावकाश, सगळं. मग फोटो. दहा मिनिटं तरी त्या तिथे उभ्या होत्या. तुम्ही-आम्ही दोन सेकंदांत पाय उचलला असता. त्यांना फक्त "जरा कोमट लागलं".

बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायाच्या नसा मरतात. आधी मुंग्या येतात, आग होते, चपला पायातून निसटलेली कळत नाही, आणि मग काहीच कळत नाही. दुखणं हा शरीराचा पहारेकरी असतो, तो गेला की काच, खिळा, ऊन, गरम पाण्याची पिशवी, सगळं आत शिरतं. त्यात रक्तपुरवठा कमी झालेला असेल, तर जखम भरत नाही.

त्या रात्री आणि नंतर

त्या रात्री काय केलं ते सांगते. खरं तर भाजल्याबरोबर वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली पाय धरायला हवा होता. ती वेळ तिथे कार्ल्यातच निघून गेली होती. फोड फोडले नाहीत. फुटलेला भाग स्वच्छ पाण्याने धुतला, स्वच्छ सुती कापड सैल बांधलं. शेजारून हळद आली, टूथपेस्ट आली, एकीने कोरफड आणली. सगळं परत पाठवलं. जखमेवर यातलं काही घालू नका. सकाळी आठला आम्ही रुग्णालयाच्या रांगेत होतो. धनुर्वाताचं इंजेक्शन, साखरेची तपासणी, ड्रेसिंग. डॉक्टरांनी नायलॉनचा बारीक दोरा तळपायाला टेकवून विचारलं, "कळतंय का?" दहा ठिकाणी टेकवला, आत्याबाईंनी तीनदा हो म्हटलं. ही तपासणी दोन मिनिटांची असते आणि साखरेच्या प्रत्येक माणसाची वर्षातून एकदा व्हायला हवी. आत्याबाईंची चौदा वर्षांत पहिल्यांदा झाली. डोळ्यांची झाली होती, पायांची मी कधी मागितलीच नाही.

पाच आठवडे लागले. डावा पाय लवकर भरला. उजव्याला मधे पू झाला, लाली घोट्यापर्यंत चढली, तेव्हा दोन रात्री मला झोप नव्हती. चौथ्या आठवड्यात मांस लाल, निरोगी दिसू लागलं. बोट वाचलं.

आता रोज रात्री आत्याबाई खाटेवर बसतात आणि नातू मोबाईलच्या उजेडात दोन्ही तळपाय बघतो, बोटांच्या बेचक्यांसकट. घरात कुणी बघायला नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून स्वतःला बघता येतं. चपलेत पाय घालण्याआधी चप्पल झटकायची. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. पायाला शेक द्यायचा नाही, आंघोळीचं पाणी आधी कोपराने किंवा दुसऱ्या माणसाने बघायचं.

पण लेण्यात, विहारात चप्पल घालून उभं राहणं आत्याबाईंना काही केल्या पटेना. मी डॉक्टरी भाषेत पुष्कळ सांगितलं. शेवटी आमच्या विहारात आलेल्या भंतेंनी त्यांना विनयपिटकाच्या महावग्गातली सोण कोळिविसाची गोष्ट सांगितली. सोण हा सुखात वाढलेला तरुण होता, त्याचे पाय अतिशय कोवळे होते. भिक्खू झाल्यावर तो चंक्रमण करून इतका चालला की पाय फुटून वाट रक्ताने भरली. भगवंतांनी ते पाहिलं आणि त्याला एकेरी तळाच्या चपला वापरायची परवानगी दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, संघाला द्याल तर घेईन. तेव्हा सगळ्या भिक्खूंना ती परवानगी मिळाली. आत्याबाई ऐकत होत्या. "म्हंजी चपलीला भगवानाचीच परवानगी हाय," म्हणाल्या, आणि तिथल्या तिथे विषय संपला.

आणखी दोन गोष्टी राहिल्या. लेण्यांच्या वरच्या कड्याला आग्या माशांची पोळी लटकलेली असतात. तिथे उदबत्ती, सिगारेट, फटाके, ढोल, दगड मारणं, काही करू नका, उग्र अत्तरही नको. माश्या उठल्याच तर पदराने किंवा उपरण्याने तोंड-डोकं झाकून सरळ लांब पळायचं, हात झाडायचे नाहीत. काटे नखाने खरवडून लवकर काढायचे. ओठ-जीभ सुजली, श्वास अडला तर एक मिनिटही न घालवता रुग्णालय.

दुसरं पाण्याचं. लेण्यांजवळ कातळात कोरलेली टाकी दिसतात, शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय. पावसाचं पाणी त्यात वर्षभर पुरायचं. आज ते पिऊ नका, साचलेलं असतं. माणशी दोन लिटर पाणी घरून न्या. पाण्याचा विषय निघाला की मला १९३४ आठवतं. बाबासाहेब सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याबाहेरच्या हौदावर काही जणांनी हात-तोंड धुतलं आणि पाणी बाटवलं म्हणून त्यांना घेरण्यात आलं. शेवटी आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर पहारेकरी दिला गेला. बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवलंय. मी गाडीत हे मुलांना सांगितलं तेव्हा आमच्याकडे वीस लिटरचा जार होता आणि टोलनाक्यावरच्या एका अनोळखी बाईच्या लेकराला नातवाने त्यातलंच पाणी दिलं.

पुढची सहल डिसेंबरात ठरली आहे. या वेळी बेडसे, कार्ल्याच्याच बाजूचं, पण गर्दी कमी. ते पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणजे सकाळी तिथे ऊन आणि दुपारनंतर सावली. वेळ आत्याबाईंनीच काढून दिली: जेवून चढायचं, चारच्या आत उतरायचं. मधुमेहाच्या दवाखान्यातून मऊ तळाचे, मागून पट्टा असलेले सँडल घेतलेत. ते आता घरात घालून त्यांचा सराव चाललाय, आणि रोज संध्याकाळी तक्रार असते की पट्टा काचतो. काचलेली जागा मी रोज बघते.